नऊ बाटल्या

आमच्या ओळीत बायका नऊ आणि बिल्ला एक. लाकडाचा, हाताच्या पंजाएवढा, त्यावर तापल्या खिळ्याने काढलेला ओळीचा नंबर. लाईनमास्तरच्या टेबलामागे तो टांगलेला असायचा. गळ्यात घालायचा, संडासाला जायचं, परत येऊन जागेवर लावायचा. तो जागेवर नसेल तोवर दुसरीने स्टुलावरून उठायचं नाही. चार मिनिटं झाली की मास्तर टेबलावर कात्री आपटायचा, आणि अख्ख्या हॉलला कळायचं की आज कुणाचं पोट बिघडलंय.

यावर आम्ही कधीच उपाय शोधला होता. पाणी प्यायचंच नाही. घरून निघताना अर्धा पेला, जेवणाच्या सुट्टीत घास खाली उतरण्यापुरते दोन घोट, बस्स. शेजारच्या इस्त्रीची वाफ तोंडावर घेत मी अठरा वर्षं शर्टाच्या कॉलरी शिवल्या आणि दिवसाला एकदाच बिल्ला घेतला. याची मला घमेंड होती. नवीन पोरगी आली की सुई कशी बदलायची ते नंतर, आधी मी तिला हे शिकवायचे.

ओळीत प्रत्येकीला तिच्या कामाचं नाव. मी कॉलरवाली. माझ्या पुढे काजवाली, तिची जीभ तिच्या मशीनच्या पात्यापेक्षा धारदार. मग बाहीवाली, कफवाली, अशा सगळ्या. सहाव्या स्टुलावर होती ती खिसे लावायची, पण तिला खिसेवाली कुणी म्हणत नव्हतं. ती नळाबाई.

तेवीस-चोवीसची असेल. मशीनच्या पायाशी दोन लिटरची बाटली, आणि ती दुपारपर्यंत रिकामी. दिवसातून पाच-सहा वेळा बिल्ला हिच्या गळ्यात. ती उठली की तिच्या स्टुलाशी गठ्ठे साचायचे, पुढच्या तिघी हात बांधून बसायच्या, आणि संध्याकाळी जेवढे पीस कमी पडतील तेवढे पुरे होईपर्यंत मास्तर नऊच्या नऊ जणींना थांबवून घ्यायचा. म्हणजे तिने पाणी प्यायचं आणि घरी उशिरा आम्ही जायचं. तुम्हीच सांगा, तिला डोक्यावर घेऊन नाचायचं होतं का?

ती उठली की काजवाली तोंडाने बारीक ‘सुर्रर्र’ असा आवाज काढायची. सगळ्या हसायच्या, सगळ्यात मोठ्याने मी. तिची बाटली आम्ही लपवायचो. एकदा बाटलीत मशीनचं तेल टाकलं होतं. तिने एक घोट घेतला, थुंकला, बाटली धुतली आणि पुन्हा भरून आणली. भांडली नाही की रडली नाही. त्यामुळे जास्तच राग यायचा.

एकदा जेवायच्या सुट्टीत ती माझ्याजवळ येऊन बसली. मी वयाने मोठी म्हणून असेल, किंवा मी तेलाच्या दिवशी गप्प होते म्हणून. म्हणाली, “मावशी, मला काय हौस आहे का हो? बाबांना मुतखडे व्हायचे. एक काढला की दुसरा. शेवटी अंग सुजलं, चाळिशीही गाठली नाही त्यांनी. आत्याचं तेच झालं. तेव्हाच्या डॉक्टरांनी आईला सांगितलं होतं, पोरीला पाणी पाजत राहा. आई अजून पेले मोजते माझे. रात्री झोपेतून उठवून पाजते.”

“तुला होतात का खडे?” मी विचारलं.

“कधीकधी कमरेत उसण भरते. ती सगळ्यांनाच भरते ना?”

“सगळ्यांनाच भरते,” मी म्हटलं आणि डबा बंद केला. हे मी मुद्दाम सांगून ठेवते आहे. तिच्या बापाचं, तिच्या आत्याचं हे त्या हॉलमध्ये एकट्या मला माहीत होतं.

वर्षातून एकदा कंपनीत तपासणी असते. आमचे शर्ट घेणारी लांबची गिऱ्हाइकं आहेत, त्यांना कामगार धडधाकट असल्याचा कागद लागतो. आदल्या वर्षी तिसऱ्या ओळीतल्या दोघींचे कागद खराब आले. दुसऱ्या दिवशी त्यांच्या स्टुलांवर दुसऱ्याच दोघी बसलेल्या. त्या गेल्या कुठे ते आजपर्यंत कुणाला माहीत नाही.

तर यंदा नर्सबाईने सकाळी आठला नऊ बाटल्या वाटल्या. प्रत्येकीवर चिकटपट्टी, पट्टीवर नाव. लघवी दहाच्या आत आणून द्यायची. आता आली का पंचाईत! रोज कोरड्या घशाने बसणाऱ्या बायका, त्यांना फर्मान सोडलं म्हणून लघवी होते का? मी दोनदा बसून आले, नुसती बसून आले. काजवालीने कुंथून चमचाभर काढली. बाटली उजेडाकडे धरली तर रंग उकळून उकळून काळ्या झालेल्या चहाचा.

“हे बघून मला आजच घरचा रस्ता दाखवतील,” ती म्हणाली. पहिल्यांदाच तिच्या आवाजात भीती ऐकली मी.

तेव्हा सहाव्या स्टुलावरची ती आपली बाटली भरून घेऊन आली. पाण्यासारखी नितळ. आम्ही आठ जणी त्या बाटलीकडे बघतच राहिलो. आमचा सगळा जन्म कापडात गेलेला. पीस उजेडात धरायचा, डाग नसला की माल पास. लघवीलाही तोच हिशोब लावला आम्ही. स्वच्छ दिसतंय म्हणजे स्वच्छ आहे. आणि ही अक्कल माझी, दुसऱ्या कुणाची नाही.

संडासातला प्लॅस्टिकचा मग मी विसळला आणि तिच्या हातात दिला. “नळाबाई, आज तुझा उपयोग होऊ दे.”

ती लाजली, मग हसायलाच लागली. कुणाला तरी ती हवी होती ना त्या दिवशी! मग भरून बाहेर आली. मी एकेक बाटली धरली, काजवालीने ओतली. सात भरल्या, आठवीला कमी पडलं. “थांबा मावशी, अजून एक बाटली पाणी पिते, अर्ध्या तासात आणून देते,” ती म्हणाली, आणि खरंच आणून दिलं. दहाला पाच मिनिटं कमी असताना नऊ बाटल्या बर्फाच्या डब्यात गेल्या. त्या आठवड्यात कुणी सुर्रर्र केलं नाही. काजवालीने तिला डब्यातलं लोणचंसुद्धा दिलं.

आठव्या दिवशी लॅबवाले काका स्वतः आले.

म्हातारा माणूस. शर्टाच्या खिशात तीन पेनं, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. आम्हाला नऊ जणींना नर्सबाईच्या खोलीत भिंतीशी उभं केलं. मॅनेजर खुर्चीत, मास्तर दारात. काकांच्या हातात आमचे नऊ कागद, आणि चेहऱ्यावर असा आनंद की जणू त्यांना कुठे गुप्तधन सापडलंय.

“घाबरू नका,” ते आम्हाला म्हणाले. “लघवीत क्रिस्टल दिसले म्हणजे लगेच आजार, असं नसतं. क्रिस्टल म्हणजे बारीक स्फटिक. लघवी बाटलीत उभी राहिली, गार झाली, की तिच्यातले क्षार खाली बसतात. गार झालेल्या पाकात साखर बसते ना, तसं. धडधाकट माणसाच्या लघवीतही दिसतात. काही चौकोनी असतात, बंद पाकिटासारखे. पाणी कमी पिणाऱ्यांत ते जास्त. ते वाढत राहिले तर खडा होतो, पण पाणी वाढवलं की बहुतेकांचं भागतं.”

मॅनेजरने घड्याळ बघितलं.

“पण एक जात अशी आहे,” काका एक पाऊल पुढे आले, “की ती निरोगी माणसात दिसतच नाही. बर्फात ठेवा नाहीतर उन्हात ठेवा, नसेल तर नाही. सहा कोनांचे. पट्टी लावून कापल्यासारखे, बिनरंगाचे. सिस्टीन म्हणतात त्याला. घराण्यातून येतं हे. हजारो माणसांत एखाद्याला. त्या माणसाच्या किडनीत लहानपणापासून खडे होत राहतात, बाहेरून कळतही नाही. लक्ष दिलं नाही तर किडनी जाते. लक्ष दिलं तर माणूस म्हातारा होऊन मरतो. औषध आहे, पथ्य आहे. तीस वर्षं मी मायक्रोस्कोपला डोळा लावून बसलोय, हे याआधी एकदाच बघितलंय. आणि तुमच्या नऊ बाटल्यांपैकी नऊंमध्ये आहे.”

“नऊ जणी बहिणी आहेत की काय?” मॅनेजर हसला.

“सख्ख्या बहिणी असत्या तरी नऊंना आलं नसतं. ही एकीची लघवी आहे साहेब, नऊ ठिकाणी ओतलेली.”

मॅनेजरचं हसू गेलं. काजवाली माझ्याकडे बघत होती. मी भिंतीवरच्या प्रथमोपचाराच्या पेटीकडे बघत होते.

“असं असेल तर ही फसवणूक आहे,” मॅनेजर सावकाश म्हणाला. “गिऱ्हाइकाला कळलं तर ऑर्डर जाईल. उद्या नर्सबाईंच्या समोर पुन्हा लघवी घ्यायची, आणि काका, तुम्ही मायक्रोस्कोप घेऊन इथेच बसायचं. त्या सहा कोनांतलं एक जरी दिसलं, तरी अख्खी ओळ घरी जाईल, कारण मग बाकीच्या आठ जणींनी चोरी केली हे नक्की. काही दिसलं नाही, तर चूक तुमच्या लॅबची. विषय संपला.”

“साहेब, मला ओळ नको आहे. मला ती एक बाई हवी आहे. तिला माहीतही नसेल,” काका कळवळून म्हणाले.

“उद्या,” मॅनेजर म्हणाला आणि उठला.

तिला माहीत झालं होतं. भिंतीशी उभी असतानाच तिचा चेहरा पांढरा पडला होता. दुपारी हात धुवायच्या जागी तिने मला गाठलं. आवाज दुसरीकडे जाऊ नये म्हणून नळ सोडला, आणि खालमानेने म्हणाली, “मावशी, ते माझंच आहे.”

“कशावरून?”

“बाबांचं, आत्याचं... सगळं तेच सांगत होते ते. घराण्यातून येतं म्हणाले. औषध आहे म्हणाले, मावशी. बाबांना कुणी सांगितलंच नव्हतं औषध आहे म्हणून. मी काकांना सांगून टाकू का?”

मला खरं बोलायचं असतं तर एकच शब्द पुरे होता. सांग. पण मी अठ्ठेचाळीस वर्षांची. घरी नवरा अंथरुणाला खिळलेला. या वयाच्या बाईला दुसरी ओळ कोण देतंय? आणि मग ही अक्कल कुणाची म्हणून बाकीच्या सात जणी माझ्याच नरड्याला हात घालणार.

“सांग की,” मी म्हटलं. “सांग. उद्या सकाळी आठ जणींची पोरंबाळं तुझ्या दारात आणून बसवते. तू पाजशील ना त्यांना? तुझ्याकडे पाणी भरपूर आहे.”

मग मला स्वतःचीच भीती वाटली, म्हणून मी आवाज मऊ केला. तो मऊ आवाज जास्त वाईट होता. “अगं वेडे, नीट ऐकलंस का त्यांचं? ते स्वतःच म्हणाले, लघवी गार झाली की क्रिस्टल बसतात, धडधाकट माणसातही दिसतात. बर्फात आठ-दहा तास पडल्या होत्या त्या बाटल्या. म्हाताऱ्याला तीस वर्षांत एकदाच सापडलं, आता पुन्हा सापडल्यासारखं वाटतंय. आणि पाणी तर तू पितेसच. पाणी हेच औषध, हेही तेच म्हणाले.”

“ते चौकोनी खड्यांबद्दल म्हणाले.”

“खडा तो खडा. तुझ्या आईला आणखी कशाला घोर लावतेस?”

आईचं नाव काढल्यावर तिने नळ बंद केला. “मग उद्या काय करायचं?” तिने विचारलं. मी जिंकले होते. मी तिला पुढचं सांगितलं.

संडासाला दोन खण. मधली भिंत छतापर्यंत पोचत नाही, डोक्याच्या वर हातभर मोकळी आहे. दुसऱ्या दिवशी पहाटेपासून मी पाणी प्यायले. तांब्यावर तांबे रिचवले. आठही जणी प्यायल्या. अठरा वर्षांत पहिल्यांदा माझं पोट पाण्याने डुचमळत होतं. नर्सबाई बाहेर दाराशी उभी, दोघी-दोघींना आत सोडत होती. मी आणि ती बरोबर गेलो. मी मगात धरलं, माझी बाटली भरली, नंतर कमोडवर चढून उरलेला मग भिंतीवरून पलीकडे दिला. वर आलेली तिची बोटं मला दिसली. तिने मग तिरका धरला. दोन थेंब माझ्या कपाळावर पडले.

“स्वतःची ओतून टाक, पाणी सोड,” मी कुजबुजले. तिने साखळी ओढली. तिचा आजार दोन मिनिटांत गटारात गेला.

काकांनी खिडकीपाशी मायक्रोस्कोप मांडला होता. एकेक काच लावायचे, डोळा टेकवायचे, चाक फिरवायचे. पहिली नाही. दुसरी नाही. सहावी बाटली, तिच्या नावाची, लावली तेव्हा मी काजवालीचा हात घट्ट धरला. काकांनी फार वेळ बघितलं. मग पहिली, माझ्या नावाची बाटली पुन्हा मागून घेतली, पुन्हा बघितली. मान वर केली तेव्हा ते दहा वर्षांनी म्हातारे दिसत होते.

“सहा कोनांचं काही नाही,” ते म्हणाले.

“खडे तुमच्या काचेलाच होते म्हणायचे,” मॅनेजर म्हणाला, आणि मास्तर हसला, आणि मास्तर हसला म्हणून आम्हीही हसलो. म्हातारा काचा पुसत बसला. सगळ्यात उशिरापर्यंत हसत राहिले ती मीच.

त्या संध्याकाळी फाटकाबाहेर ते माझी वाट बघत उभे होते. मी बाजूने निघाले तर आडवे आले.

“बाई, आज दोन बाटल्या सारख्या होत्या. पाकिटासारखे स्फटिक, तेवढेच, तसेच. एक तुमची, एक त्या सहा नंबरच्या पोरीची. मी कागदावर बाटलीत जे दिसतं ते लिहितो, मनात येतं ते लिहीत नाही. लिहून झालंय. कंपनीला मी काही सांगणार नाही.” त्यांनी खिशातून चिठ्ठी काढली. लॅबचा पत्ता होता, खाली बारीक अक्षरात एका किडनीच्या डॉक्टरांचं नाव. “हे तिला द्या. सुट्टीच्या दिवशी येऊ दे. पैसे नकोत, कंपनीचं नाव नको, काही नको. फक्त येऊ दे. मी तिच्याशी बोललो तर मास्तर बघेल, म्हणून तुम्हाला सांगतोय. तुम्ही तिच्या जवळच्या दिसता.”

मी चिठ्ठी घेतली. देईन म्हटलं. आणि खरं सांगते, रात्रभर द्यायचंच मनात होतं. सकाळी जागेवर बसले तेव्हा वाटलं, ही लॅबमध्ये जाणार, तिथे सहा कोनांचे खडे निघणार, औषध सुरू होणार, औषधाची बाटली मशीनच्या पायाशी येणार, मास्तर विचारणार हे कशाचं. मग सगळं उलगडत माझ्यापर्यंत येणार. माझ्या मशीनचा एक पाय कित्येक दिवस डुगडुगत होता. चिठ्ठीची चार पदरी घडी केली आणि त्याच्याखाली सरकवली. मशीन एकदम ठाम बसलं. त्या दिवशी माझ्या कॉलरी फार सरळ आल्या.

पुढच्याच आठवड्यात ती बिल्ल्याला हात लावायला गेली तर मास्तरने तिचा कागद टेबलावर आपटला. त्यावर कंपनीचा गोल शिक्का. “सहा कोनांचं काही नाही. किडनी ठणठणीत. मग दर तासाला काय गं तुझं? आजपासून सगळ्यांसारखं. दोनदा.”

तिने माझ्याकडे बघितलं. मी बॉबिन भरत होते.

दोनदाच बिल्ला मिळणाऱ्या बाईने बारा पेले पाणी पिऊन काय करावं? पहिले काही दिवस ती पिऊन बसायची, आवळून धरायची, खिसे वाकडे लावायची. एकदा तिच्या स्टुलाखाली ओलं झालं. काजवालीने सगळ्यांना ते दाखवलं. त्यानंतर बाटली अर्धी यायला लागली. मग छोटी. मग येईनाशी झाली. आमच्या ओळीचं टार्गेट रोज पुरं व्हायला लागलं, आम्ही वेळेवर घरी जायला लागलो. मास्तरने सगळ्यांसमोर आमचं कौतुक केलं. नळाबाई हे नाव मागे पडलं आणि तिला खिसेवाली म्हणायला लागल्या. ती आता आमच्यातली झाली होती.

कमरेतली उसण मात्र वाढली. ती वाकून, एक हात कुशीवर दाबून खिसे लावायची. नर्सबाईकडे जायची. नर्सबाई फाईल काढायची, शिक्क्याचा कागद बघायची आणि म्हणायची, “किडनीचं काही नाही बाई तुझ्या, स्नायू धरलाय.” आणि दुखण्याच्या गोळ्या द्यायची. रोज दोन. तीन महिने. त्या गोळ्याही किडनीला चांगल्या नसतात, हे मला पुढे कळलं. तो कागद तिच्या नावाचा आणि आतली लघवी माझी, हे मात्र मला तेव्हाही माहीत होतं. मी तोंड उघडलं नाही. उगाच पांघरूण कशाला घालू? रोज सकाळी तिचा चेहरा सुजलेला दिसायचा आणि रोज सकाळी मी ठरवायचे, उद्या सांगू.

एका बुधवारी ती मशीनवर पुढे झुकली ती उठलीच नाही. सुई तिच्या करंगळीतून गेली होती आणि तिला कळलंही नव्हतं. अंग तव्यासारखं तापलेलं.

इस्पितळात जे कळलं ते तिच्या आईने सांगितलं. एक किडनी खड्यांनी कधीच वाळून गेली होती, कुणाला पत्ता न लागता. दुसरी जेमतेम काम करत होती, तिच्या तोंडात खडा अडकला आणि मागे पू झाला. खडा काढला, पू काढला, किडनी काही हाती लागली नाही. डॉक्टरांनी खडा तपासायला पाठवला. सिस्टीन. त्यांनी आईला विचारलं, आधी कधी लघवी तपासली नव्हती का? आईने पिशवीतून तो शिक्क्याचा कागद काढून दिला. किती जपून ठेवला होता तिने, प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून. डॉक्टरांनी कागद वाचला आणि पुन्हा पाकिटात घालून परत दिला, असं आई म्हणाली.

आता आठवड्यातून तीनदा तिला रक्त धुणाऱ्या मशीनला लावतात. कामावर येणं संपलं. सहाव्या स्टुलावर नवी पोरगी आहे. तिला पाणी कमी प्यायला कुणी शिकवलं ते विचारू नका. मी शिकवलं नाही, पण काजवाली शिकवत होती तेव्हा मी अडवलंही नाही.

मी नळाबाईला इस्पितळात बघायला गेले ते दीड महिन्याने. ओळीतून एकटी मीच. उन्हात लांबून चालत गेले होते, घशाला कोरड पडली होती. पिशवीत पाण्याची बाटली होती. हल्ली मी बाळगते. सांगायलाही लाज वाटते, पण त्या म्हाताऱ्याचं ऐकून आमच्या ओळीत पाणी वाढवलं ते एकट्या मी. दिवसाचे दोन बिल्ले आता मी घेते.

खाटेवर ती होती, निम्मी झालेली. तोंड मात्र फुगलेलं. ओठांवर पापुद्रे. उशाशी एक लहानसा पेला, त्यावर पेनाने काढलेली रेघ.

“तेवढंच मिळतं तिला,” तिची आई म्हणाली. “दिवसभरात, औषधासकट. लघवीच होत नाही ना, प्यायलेलं सगळं अंगातच राहतं, छातीत चढतं. आयुष्यभर मी हिला पाणी पी, पाणी पी म्हणून मागे लागले, आणि आता हिच्या हातातून पेला काढून घेते.” मग ती डोळे पुसत नर्सला काही विचारायला बाहेर गेली.

आम्ही दोघीच उरलो. मी सांगायला आले होते. चिठ्ठीचं, मशीनच्या पायाचं, सगळं. तोंड उघडलं तर जीभ टाळ्याला चिकटलेली. नकळत माझा हात पिशवीतल्या बाटलीकडे गेला आणि तसाच थांबला.

“पी ना मावशी,” ती म्हणाली.

“नको गं. मी नंतर...”

“पी. तहान लागलीय तुला. दिसतंय मला.” तिचा आवाज शांत होता, तेलाच्या दिवशी होता तसाच. “त्या काकांनी तुला काहीतरी दिलं होतं ना? फाटकापाशी. मी मागेच होते.”

मी पिशवी मांडीवर ओढून घेतली.

“मी वाट बघत होते, तू देशील म्हणून. विचारायची हिंमत झाली नाही. म्हटलं मावशी विसरली असेल, उद्या देईल.” तिने मान माझ्याकडे वळवली. “काय होतं त्यात?”

“पत्ता,” मी म्हटलं. “डॉक्टरचा.”

कोपऱ्यात कुणाचं तरी मशीन टिकटिक करत होतं. मग तिने कुशीवर वळून, दोन्ही हात गालाखाली घेतले, लहान मुलं गोष्ट ऐकायला घेतात तसे.

“पी आता,” ती म्हणाली. “माझ्यासमोर पी. सगळी. मला बघायचंय.”

मी झाकण उघडलं. बाटली तोंडाला लावली. तिचे डोळे माझ्या गळ्यावर होते, प्रत्येक घोटाबरोबर तिचाही गळा खालीवर होत होता. अर्ध्यावर मला उमाळा आला, मी बाटली खाली घेतली.

“अजून आहे तिच्यात,” ती म्हणाली.

मी उरलेलं पाणी प्यायले.